पाचवा ठोका

ठासणीची बंदूक म्हणजे आपल्या खात्याची खाष्ट सासू, असं न्यायसहायक प्रयोगशाळेतले डॉ. बागवान नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगत. कितीही सेवा करा, ती काही मनातलं सांगायची नाही.

थट्टेतला भाग सोडला तर गोष्ट खरी होती. रायफल झाडली की गोळी नळीतल्या आट्यांना घासत बाहेर पडते आणि त्या नळीच्या खुणा अंगावर घेऊन जाते. काडतुसाच्या बुडावर सुई आपटते, तिचाही ठसा उमटतो. दोन गोळ्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवल्या की त्या एकाच बंदुकीतल्या की नाहीत हे अनुभवी माणूस चहा थंड व्हायच्या आत सांगतो. ठासणीच्या बंदुकीला आटे नाहीत की काडतूस नाही. तोंडातून दारू ओतायची, तिच्यावर नारळाच्या सोडणाचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, मग वरून आणखी एक हलका बोळा. बार झाला की धूर निघून जातो आणि मागे राहतो तो करपलेला सोडणाचा गोळा. वर्षानुवर्षं तो पाकिटात घालून, 'तपासणीयोग्य नाही' असा शेरा मारून परत पाठवला जाई.

बरं, या बंदुका संपतील म्हणावं तर तेही नाही. दक्षिण कोकणात रानडुकरांसाठी सरकारने सौरकुंपणं आणली, वरून ओरडणारे ड्रोन आणले. डुकरांनी पहिला आठवडा मान वर करून ड्रोनकडे बघितलं आणि दुसऱ्या आठवड्यापासून मान खाली घालून खायला सुरुवात केली. लोकांनी मुकाट्याने आज्याच्या बंदुकांना तेल लावून त्या पुन्हा खुंटीवर टांगल्या.

त्या करपलेल्या बोळ्याला बोलतं केलं ते केतकी धुरीने. प्रयोगशाळेत लागली तेव्हा ती तिशीची होती, आता बेचाळीस. मधली नऊ वर्षं तिने सोडण चिवडण्यात घालवली आणि सहकाऱ्यांकडून 'काथ्याकूट' हे टोपणनाव मिळवलं.

तिचं म्हणणं साधं होतं. सोडणाचा तंतू हट्टी असतो. दाबला की दबतो, पण हात काढला की थोडा परत फुगतो. किती फुगणार, हे पुढचा ठोका किती वेळाने बसला यावर ठरतं. म्हणजे गजाचा प्रत्येक ठोका बोळ्यात एक घडी पाडतो. घडीची खोली म्हणजे ठोक्याचा जोर आणि दोन घड्यांमधला फुगवटा म्हणजे मधला वेळ. बार होताना खालून एक दणका बसतो खरा, पण तो एकटाच उलट्या दिशेचा असतो, म्हणून ओळखू येतो आणि गणिताने वजा करता येतो. केतकीचं यंत्र क्ष-किरणांनी बोळ्याचे बारीक काप घ्यायचं, घड्या मोजायचं आणि ठासणाऱ्या हाताची लय पुन्हा उभी करायचं. यंत्राचं नाव ठसावाचक.

काम करता करता तिला आणखी एक गोष्ट सापडली, आणि तिच्यामुळे ठसावाचक गाजला. ठासणं कोणी पुस्तकातून शिकत नाही. बाप शिकवतो, नाहीतर काका, नाहीतर शेजारी, आणि शिकवणाऱ्याची लय शिकणाऱ्याच्या मनगटात उतरते. एकाच माणसाकडे शिकलेल्यांचे आलेख सख्ख्या भावांसारखे दिसत. केतकी त्याला घराणं म्हणायची. हा शब्द न्यायालयानेही उचलला, आणि निकालपत्रात 'आरोपीचे घराणे' असं वाचून नवे वकील बिचारे गोंधळून जात.

एक नियम तिनेच भांडून करून घेतला होता. नमुना नुसत्या क्रमांकाने यायचा. गाव, आरोपी, जखमी, काही म्हणजे काही परीक्षकाला कळू द्यायचं नाही. माणसाचं मन झुकतं, तसं परीक्षकाचंही झुकतं, असं ती म्हणाली होती.

त्या गुरुवारी तिच्यासमोर नमुना क्रमांक ४१७ होता. डबा खाऊन झाला होता. आलेख बघून डोळे शिणले की ठोके आवाजात बदलून ऐकायची तिला सवय होती, तसे तिने ते कानाला लावले.

ठक्. ठक्. ठक्. ठक्. मग एका श्वासाएवढी उसंत. आणि मग पाचवा, हळूच, कोणीतरी दार नुसतं लोटून घ्यावं तसा.

केतकीला भर दुपारी जांभई आली.

तिने पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा पापण्या जडावल्या. तिसऱ्यांदा ऐकताना मात्र तिच्या अंगावर सरसरून काटा आला, कारण तेव्हा तिला कळलं की हा हात आपल्या ओळखीचा आहे. हे आबांचं, तिच्या वडिलांचं, ठासणं होतं. आई गेली तेव्हा केतकी तीन वर्षांची होती. घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून आबा तिला काजूच्या बागेतल्या राखणीच्या माळ्यावर घेऊन जायचे. तिन्हीसांजेला बंदूक भरायचे. तिच्या लहानपणीच्या किती संध्याकाळी या पाच ठोक्यांवर मिटल्या होत्या, त्याची मोजदाद नव्हती.

पडद्यावर यंत्राने आपलं मत मांडून ठेवलं होतं. संशयिताचा ताजा नमुना, ४१७-ब. घराणं जुळतं. साम्य ब्याऐंशी टक्के. उरलेल्या अठरा टक्क्यांचं कारणही दिलं होतं: संशयिताचे पाचही ठोके सारख्या जोराचे. घाईगडबडीत एखादा ठोका कमी पडू शकतो, आणि आजवर ब्याऐंशी टक्क्यांवर न्यायालयं समाधान मानत आली होती.

आबांनी आयुष्यात एकाच माणसाला ठासायला शिकवलं होतं. शेजारचा सदा गावडे. केतकीचा सदादादा.

तिने गावी, चिवेखोलला फोन लावला. तो सदाच्या बायकोने, शेवंतीने उचलला, कारण गेली तीन वर्षं आबांचा फोन तिच्याच घरात असायचा. आबांचं जेवणखाण, औषधं, सगळं तिथेच व्हायचं.

"वयनी, सदादादा खंय असा?" केतकीने विचारलं.

पलीकडून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग शेवंती म्हणाली, "पोलिसांनी नेल्यानी, गो. आठ दिस झाले."

शनिवारी केतकी गावात पोचली. वाटेभर तिने स्वतःला एकच गोष्ट समजावली होती, की मी मुलगी म्हणून चालले आहे, परीक्षक म्हणून नाही. मनाची समजूत घालायला असली वाक्यं बरी असतात.

झालं होतं ते असं. दाजी शेटकर आणि सदा यांचा बांधावरून जुना वाद. दाजीने बांध हातभर सरकवला, तेव्हा सदा भर तिठ्यावर ओरडला होता, "एक दिवस तुका डुकरासारखो उडवतलंय." दोनच दिवसांनी, सूर्य बुडता बुडता, दाजी बांधाकडेला उकिडवा बसून करांद्याचे कंद खणत असताना झुडपातून बार आला. डाव्या मांडीची चाळण झाली. जीव वाचला, पण पाय आता कायमचा लंगडा राहणार होता. बंदूक सदाची, परवाना सदाच्या नावावर, धमकी अख्ख्या गावाने ऐकलेली. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा, निदान दहा वर्षं. आणि सदा स्वतः हो म्हणत नव्हता की नाही म्हणत नव्हता.

"माका कळवूक नाय ता कित्या?" केतकीने शेवंतीला विचारलं.

"ह्येंनीच सांगल्यानी, केतकीक कळवू नको म्हणान. तुझा सरकारी काम, उगाच तुका ताप." शेवंती पेजेत मीठ ढवळत होती. "गाडयेत बसताना माका इतक्याच सांगल्यानी, आबांचा जेवण चुकवू नको. घरात दोन चेडवां आसत, तेंचा काय ता नाय. आबांचा जेवण."

ती पेज तिने पडवीत नेऊन आबांपुढे ठेवली, सोबत भाजलेला सुका बांगडा. काटे आधीच काढलेले होते. केतकी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. कुणाच्या घरचा माणूस कोठडीत बसला होता आणि कुणाच्या बापाला काटे काढून मासा मिळत होता, हे तिच्याने बघवेना.

आबा अठ्ठ्याहत्तरचे. अंगाने खडखडीत. हरवलं होतं ते आतलं. काही दिवस ते आजमध्ये असत, काही दिवस पस्तीस-चाळीस वर्षं मागे, आणि कधी कधी एकाच वाक्यात दोन्हीकडे.

"बसा, बाई," ते केतकीला म्हणाले. "तुमी खंयच्या?"

"लांबची," केतकी म्हणाली.

"माझा चेडूय लांब असा. मोठ्या शाळेत." त्यांनी पेजेचा घोट घेतला. "हुशार असा. पण निजला काय उठवूची भीती. उठला काय रडता, आवशीक शोधता."

चेडू म्हणजे लेक, म्हणजे ती स्वतःच. केतकी त्यांच्याजवळ पायरीवर बसली. "आबानू, बागेत डुकर येता काय?"

"येता तर. करांद्यांका येता. परवा इल्लो." आबांच्या डोळ्यांत एकदम जाग आली. "बघूक कशाक व्हया? आवाज येता. खरवड, खरवड, खरवड. मी बार काढलंय."

"मगे?"

आबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर आठी पडली, हळूहळू विरली, आणि तिच्याबरोबर ती संध्याकाळही विरून गेली. "शेवंते," त्यांनी हाक मारली, "चाय झाली काय गो?"

करांदे डुकरंही खणतात आणि माणसंही. कोयत्याच्या टोकाने लाल माती उकरल्याचा आवाज आणि सुळ्याने उकरल्याचा आवाज अंधुक उजेडात वेगळे सांगता येत नाहीत. चिवेखोलच्या माणसानेच चुकावं अशी ही चूक होती, कारण बाहेरच्या माणसाला तो आवाज कळलाच नसता. सदाच्या नावावर झालेली आबांची जुनी बंदूक त्याच्या माजघरात खुंटीला असे आणि तेल लावायला म्हणून ते ती अधूनमधून काढून घेत, याचं कोणाला काही वाटत नसे. सदा दारू कुलपात ठेवी. पण आबांचं स्वतःचं जुनं दारूचं शिंग कुठे होतं, हे कोणी विचारलंच नव्हतं.

केतकीने त्यांच्या बंडीच्या खिशात हात घातला. आत सोडणाचा एक बोळा होता, बोटांनी वळून वळून गोल केलेला, पुढच्या वेळेसाठी तयार.

सदादादाने हे बघितलं असणार. निदान ओळखलं असणार. त्याचा बाप गाव सोडून गेला तेव्हा आबांनीच त्याला जेवू घातलं, त्याचं मनगट धरून त्याला गज कसा मारायचा ते शिकवलं. आता तो गप्प बसला होता. केतकीही गप्प बसली तर सगळं असंच राहणार होतं. तिला खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. सोमवारी ब्याऐंशी टक्क्यांच्या अहवालावर सही केली की झालं.

रविवारभर ती हे मनात घोळवत होती. माणूस चांगला असला म्हणजे त्याच्या मनात वाईट येत नाही असं थोडंच आहे?

सोमवारी सकाळी तिने डॉ. बागवानांच्या टेबलावर सोडणाचा तो बोळा ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

बागवान सरांना निवृत्तीला सात महिने उरले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "गुरुवारी कळलं. आज सोमवार. मधले तीन दिवस कुठे होतीस?"

"गावात, सर."

"म्हणजे नियम तू केलास आणि तूच मोडलास. शिक्षा नंतर बघू." त्यांनी ४१७ची फाइल आपल्याकडे ओढली. "आजपासून ही माझी. तू यातलं एक अक्षर लिहायचं नाहीस. तुझ्या वडिलांचा नमुना मी घेणार. तू पालक म्हणून खोलीत असशील, ठोक्यांबद्दल एक शब्द काढायचा नाहीस." मग त्यांचा आवाज उतरला. "पुढचं माहीत आहे ना तुला? कोर्ट त्यांना तुरुंगात नाही घालणार. पण विस्मरणाच्या माणसाच्या हातून रक्त सांडलं, तर नवा कायदा त्याला गावात राहू देत नाही. सरकारी निवासात ठेवतात. तिथून परत घरी आलेलं मी कोणी बघितलेलं नाही."

"माहीत आहे."

"सदा गावडेंना हे माहीत असणार."

"म्हणूनच तो बोलत नाहीये, सर."

बुधवारी आबा प्रयोगशाळेत आले. पांढरं धोतर, नवी बंडी, खांद्यावर पंचा. सरकारी इमारत बघून ते जरा ताठ चालत होते. नमुना घ्यायच्या खोलीत जमिनीवर चटई अंथरलेली होती, कारण ठासणारी माणसं जमिनीवर बसूनच ठासतात. चटईवर एक लोखंडी नळी, गज, सोडण, आणि दारूऐवजी वाळूचं भांडं. नळीच्या बुडाशी ठोके टिपणाऱ्या तारा होत्या, त्या भिंतीआड गेलेल्या.

आबांनी चिमूटभर वाळू बोटांत चोळली. "सायबानू, ही दारू न्हय. रेंव असा."

"तेवढीच मिळते इथे," बागवान सर म्हणाले.

"सरकारी काम," आबांनी मान हलवली, आणि सर मोठ्याने हसले.

नळी हातात आली आणि आबांची गडबड थांबली. हात आपसूक चालू झाले. वाळू ओतली, सोडण दोन तळव्यांत वळलं, नळीच्या तोंडात सरकवलं, गज घेतला. केतकी भिंतीला टेकून उभी होती.

ठक्. ठक्. ठक्. ठक्. ठक्.

पाचही सारखे. पाचही खणखणीत.

"पुन्हा एकदा घ्या, आबा," सर म्हणाले. आबांनी पुन्हा ठासलं, आणि तिसऱ्यांदाही. तिन्ही वेळा पाचवा ठोका पहिल्या चारांसारखाच पडला.

बागवान सर पडद्याकडे बघत बसले. मग खुर्ची वळवून ते केतकीजवळ आले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "यांचा नमुना आणि गावडेंचा नमुना यांत सुताचाही फरक नाही. घटनेच्या बोळ्यातला पाचवा ठोका दोघांशीही जुळत नाही. मला एवढंच लिहिता येईल. आणि ते खरं असेल. तू सांगितलंस, आम्ही तपासलं, काही निघालं नाही. तुला कोणी नाव ठेवणार नाही. त्यांना घरी घेऊन जा, पोरी."

खरं सांगायचं तर केतकीला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. तिने आबांच्या चपला उचलल्यासुद्धा. आबा घरी जातील, पडवीत बसतील, शेवंतीवयनी त्यांना पेज देईल. माशाचे काटे काढून देईल. हे काटे मनात आले आणि तिचा हात चपलांवरच थबकला.

आबा अजून चटईवरच होते. गज बाजूला ठेवून ते इकडेतिकडे काहीतरी शोधत होते. मागे वळून बघितलं, शेजारची जागा हाताने चाचपली.

"काय हवंय, आबा?" सरांनी विचारलं.

"चेडू," आबा म्हणाले. "आज चेडू वांगडा नाय?"

केतकीला बोलायची बंदी होती. सरांनीच विचारलं, "चेडू असली तर काय होतं?"

"तर इतक्या जोरान मारूक जमणा नाय." आबांना प्रश्नाचंच नवल वाटलं होतं. "चार ठोके तेचे निजेत जातत. पाचव्याक नेमका उठता. मगे पाचवो हळू. बोळो जरा ढिलो ऱ्हवता, बार कमी जाता. जाऊ दे. डुकर काय, उद्याय येतला."

केतकीला वाटायचं, हळू पाचवा ठोका ही आबांची खुबी असेल, कोण्या जुन्या शिकाऱ्याकडून उचललेली. नऊ वर्षं सोडण चिवडून तिने जगभरच्या हातांच्या खुबी शोधल्या. आणि या एकीचं कारण ती स्वतः होती. आबांनी तिच्या झोपेसाठी कितीतरी वर्षं ढिला बार काढला होता. सदादादाला शिकवताना चेडू शेजारी नव्हती, म्हणून त्याला पाचही सारखे आले. आणि त्या दिवशी तिन्हीसांजेला, करांद्याच्या बांधाकडेला, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आबांच्या लेखी ती त्यांच्या शेजारी निजलेली होती. दाजीचा जीव वाचला तो कदाचित त्या ढिल्या बोळ्यामुळेच. तिला एवढी माया एकदम पेलवेना. ती भिंतीकडे तोंड करून दोन श्वास उभी राहिली.

नुसतं आबांचं बोलणं कोर्टात टिकणार नव्हतं. विस्मरण झालेल्या माणसाचा जबाब धरत नाहीत. हाताने सांगितलं तर धरतात, आणि हाताने पुन्हा सांगायला हवं असेल तर काय करावं लागेल हे सरांनाही कळलं होतं. ते तिच्याकडे बघत नव्हते. त्यांनी नवं सोडण काढून चटईवर ठेवलं आणि मुद्दाम पडद्याकडे तोंड करून बसले. तिने काय करावं हे त्यांना सांगायचं नव्हतं.

दार उघडं होतं. चपला हातात होत्या. केतकीने त्या दाराशी नेऊन ठेवल्या, एकमेकींना जोडून, आणि ती परत आली.

चटईच्या कडेला, आबांच्या डाव्या गुडघ्याजवळ, ती आडवी झाली. पाय पोटाशी घेतले. हात गालाखाली ठेवला. बेचाळीस वर्षांची बाई, कानशिलावरचे केस पिकलेले, गळ्यात प्रयोगशाळेचं ओळखपत्र. त्या वयात जमिनीवर आडवं होताना हाडं कुरकुरतात, तशी तिचीही कुरकुरली. तिने डोळे मिटले.

वर काहीच हालचाल होईना. आबा बघत असावेत. त्यांना काय दिसत होतं कोण जाणे.

मग तिच्या पायांवर पंचा पडला. गुडघ्यांपर्यंत नीट ओढून घेतलेला, पावलांशी खोचलेला. बंडीला येणारा तंबाखूचा आणि तेलाचा वास तिच्या अगदी जवळ आला, आणि एक खरबरीत तळवा तिच्या कपाळावरून एकदा फिरला. वाळू ओतल्याची सरसर ऐकू आली. सोडण वळल्याची खसफस.

ठक्.

ठक्.

ठक्.

ठक्.

एका श्वासाएवढी उसंत. तिला तो श्वास ऐकू आला. तो रोखून धरलेला होता.

आणि मग पाचवा ठोका, इतका हळू की चटईलाही तो कळला नसावा.

केतकीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी नाकावरून ओघळून हातावर गेलं, पण ती हलली नाही. भिंतीआड यंत्राची बारीक घरघर झाली आणि थांबली. खुर्ची वळली.

"जुळलं," बागवान सर म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता, म्हणून तो जरा मोठाच निघाला. "केतकी, पूर्ण जुळलं."

"शूऽऽ," आबांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, सायबानू. चेडू आत्ताच निजला."

बागवान सरांनी मान डोलावली आणि अहवालाचा कागद आवाज होणार नाही अशा बेताने स्वतःकडे ओढून घेतला.